काकूला रजा कोण देणार?

बर्नआउट हा शब्द आम्हा आयटीवाल्यांनी इतका स्वस्त केलाय की लागोपाठ दोन शनिवार रिलीजला बसावं लागलं तरी लोक तो वापरतात. मग एचआरची मेल येते, एखादं सत्र होतं, कुणीतरी दीर्घ श्वास घ्यायला शिकवतं आणि सोमवारी पुन्हा येरे माझ्या मागल्या. चेष्टा सोडा, पण या शब्दाची एक गंमत फारशी कुणाला ठाऊक नसते. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ साली आजारांच्या अकराव्या वर्गीकरणात बर्नआउटची व्याख्या दिली, तेव्हा स्पष्ट म्हटलं की हा शब्द कामधंद्याच्या संदर्भातच वापरायचा, आयुष्यातल्या इतर गोष्टींना लावायचा नाही. म्हणजे मी खुर्चीत बसून दमलो तर तो बर्नआउट. आणि माझी काकू सहा वर्षं अंथरुणाला खिळलेल्या सासूचं करून दमली, तर तिला हा शब्दसुद्धा मिळत नाही. तिची ती "सेवा".

आजचा लेख या "सेवा" शब्दावर राग काढण्यासाठी आहे. आधीच सांगून ठेवतो :-)

आमचं गाव तोरण्याच्या पलीकडच्या अंगाला, वेल्हे तालुक्यात. (२०२४ साली मंत्रिमंडळाने तालुक्याचं नाव राजगड करायचं ठरवलं, पण आमच्या तोंडी अजून वेल्हंच बसलंय.) आजीला अर्धांगवायूचा झटका आला, उजवी बाजू गेली, वाचा अर्धवट राहिली. काका शेत बघतात, आम्ही बाकीचे पुण्यात. राहिली काकू.

आता तिच्या कामाचा जरा हिशोब मांडू, सवयच आहे आम्हाला. निजून असलेल्या माणसाची कूस दर दोन तासांनी बदलावी लागते, नाहीतर बेडसोअर होतात, म्हणजे पाठीची कातडी जाऊन जखमा. दोन तासांनी म्हणजे दिवसातून १२ वेळा, वर्षातून ४,३८० वेळा. रात्र धरून! शिवाय भरवणं, अंग पुसणं, हगणं-मुतणं काढणं, गोळ्या, धुणं. त्यातून उरलेल्या वेळात चूल, गुरं आणि आषाढात भाताची लावणी. आमच्या टीममध्ये रात्रीचा ऑन-कॉल दर आठवड्याला बदलतो, आणि तरी लोक कुरकुरतात. इथे एकच माणूस, पाळी बदलत नाही, बॅकअप नाही, सुट्टी नाही. असं डिझाइन कुणी मीटिंगमध्ये मांडलं असतं तर त्याला आम्ही उभा सोलला असता. घरात मात्र याच डिझाइनला आपण संस्कार म्हणतो.

काकूचं माहेर हिर्डस मावळात. नसरापूर, मग भोर, मग तिथून पुढची एसटी. तिची आई वारली तेव्हा ती गेली, अग्नी दिला आणि रात्री परत आली. दहाव्याला जाता आलं नाही. "आत्याबाईंना कोण बघनार?" एवढंच म्हणाली. तिची स्वतःची शुगर वाढलेली, कंबर धरलेली. डॉक्टरने सांगितलं, जड उचलायचं नाही. आता आजी काय हलकी आहे?

आणि गावाने काय केलं? गावाने तिचा सत्कार केला. महिला दिनाला, आदर्श सून म्हणून. साडी, नारळ, ट्रॉफी, दोन भाषणं. त्या सत्काराला जाता यावं म्हणून शेजारची वहिनी दोन तास आजीपाशी येऊन बसली. नीट बघा मंडळी. काकूला त्या दिवशी खरोखर लागणारी एकच गोष्ट होती, दोन तासांची मोकळीक. ती शेजारणीने दिली. व्यासपीठाने ट्रॉफी दिली, जी आता कपाटावर धूळ खातेय आणि तीही पुसायची काकूनेच.

याला इंग्रजीत रिस्पाइट केअर म्हणतात. सांभाळणाऱ्याला ठरलेल्या दिवशी, ठरलेल्या वेळेपुरतं, दुसऱ्या भरवशाच्या माणसाने मोकळं करायचं. कधी घरी येऊन चार तास, कधी दिवसाचं केंद्र, कधी आठवडाभर रुग्णाला एखाद्या ठिकाणी ठेवून. मराठीत मी त्याला विसावा म्हणेन. अहो, माउलींच्या पालखीलासुद्धा वाटेत विसावा असतो, आणि तिथे खांदेकरी बदलायला हजार माणसं तयार असतात!

हे बोललं की पहिला सल्ला येतो, "मग थोडे दिवस भरती करा ना." हा सल्ला देणाऱ्याने सरकारी दवाखान्यात एक रात्र काढलेली नसते. आपल्याकडे पेशंट भरती होतो तेव्हा त्याच्यासोबत एक नातेवाईक भरती होतो. कूस बदलायला तीच, भरवायला तीच, फक्त झोपायला घरच्या पलंगाऐवजी दोन खाटांमधली फरशी. विसाव्याची खाट म्हणजे अशी खाट, जिच्याशेजारी नातेवाईक लागत नाही. हा फरक समजला नाही तर पुढचं सगळं फुकट.

दुसरा सल्ला, "पूर्वी एकत्र कुटुंबात सगळं व्हायचं." व्हायचं ना! कारण घरात चार बायका असायच्या आणि हे काम चौघींत वाटलं जायचं. कुटुंबाची थोरवी ती हीच, की तिथे पाळी लागायची. आज भोर-वेल्ह्याच्या आतल्या गावांत जाऊन बघा. २०११च्या जनगणनेत अख्ख्या वेल्हे तालुक्याची वस्ती साडेचोपन्न हजारांच्या आसपास होती. पोरं पुण्यात, नाहीतर महामार्गालगतच्या कंपन्यांत. घरात उरतात दोन म्हातारी माणसं, आणि त्यातलं कमी म्हातारं जास्त म्हाताऱ्याचं करतं. भिंती एकत्र कुटुंबाच्या आहेत, माणसं नाहीत. आणि "माणसं" म्हणताना प्रामाणिकपणे बायका म्हणा. केंद्राच्या २०२४च्या वेळ-वापर सर्वेक्षणात १५ ते ५९ वयाच्या ४१ टक्के बायकांनी घरातल्यांची देखभाल केल्याचं नोंदवलं, पुरुष २१.४ टक्के. ज्यांनी केली त्यांतही बायकांची दिवसाला १४० मिनिटं, पुरुषांची ७४. यात मुलांचं करणंही आलं, हे खरं. पण कल कळायला आकडा पुरे.

बरं, सरकार काय करतं? कायदे कमी नाहीत. २००७चा ज्येष्ठ नागरिक कायदा मुलांना सांगतो की आईबापाला सांभाळा, नाहीतर न्यायाधिकरण पोटगी लावेल. ठीक. पण जी सांभाळतेच आहे, तिच्यासाठी त्यात काय? २०२४च्या ऑक्टोबरपासून सत्तरीपुढच्या प्रत्येकाला आयुष्मान भारतमध्ये वर्षाला ५ लाखांचं संरक्षण आहे. चांगलंच आहे. पण ते दवाखान्यात भरती झाल्यावर. आजी घरी पडून आहे, आणि घरी पडून राहण्याचं बिल कुठल्याच योजनेत बसत नाही. ते बिल काकूच्या कमरेवर फाटतं. २०१६च्या दिव्यांग कायद्यात तर जास्त आधाराची गरज असलेल्यांसाठी केअरगिव्हर भत्ता असे स्वच्छ शब्द आहेत, अर्थात "सरकारच्या आर्थिक कुवतीच्या मर्यादेत" या शेपटीसकट. नॅशनल ट्रस्टची "समर्थ" ही योजना रिस्पाइट केअरचीच होती, पण ती स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक अपंगत्व आणि बहुविकलांगता यांच्यापुरती. म्हणजे सरकारला ही कल्पना माहीत आहे, शब्द माहीत आहे. अर्धांगवायूची म्हातारी आणि स्मृतिभ्रंशाचा म्हातारा त्या यादीत नाहीत, एवढंच.

खाजगीचं म्हणाल तर आम्ही पुण्यातल्या एका एजन्सीला फोन केला होता. १२ तासांच्या बाईचा महिन्याचा दर २० हजारांच्या पुढे, आणि गावाचं नाव ऐकल्यावर "तिकडे आमचं कुणी येत नाही." संपला विषय.

"पण हे आपल्याकडे कसं जमणार?" केरळात जमलं की! तिथल्या सरकारने २००८ साली पॅलिएटिव्ह केअरचं धोरण केलं आणि ग्रामपंचायतींना त्यात ओढलं. प्रशिक्षित नर्स आणि गावातले स्वयंसेवक निजून असलेल्यांच्या घरी जातात. तिथल्या "आश्वासकिरणम्" योजनेत सांभाळणाऱ्याच्या नावाने महिना ६०० रुपये ठरवले. रक्कम तुटपुंजी आहे, कबूल. पण पैसे रुग्णाच्या नव्हे, सांभाळणाऱ्याच्या नावाने निघतात, हे बघा. कागदावर ती बाई दिसते! आपल्या पुण्यातही वारज्याला सिप्ला फाउंडेशनचं केंद्र १९९७ पासून कर्करोगाच्या रुग्णांना विनामूल्य सेवा देतंय. म्हणजे विद्या परदेशातून आणायची नाहीये. वारज्यापासून वेल्हं पन्नास-साठ किलोमीटरवर आहे.

आणि खरं तर केरळपर्यंतही जायला नको. आमच्या मावळात इर्जिक होती. एकाचं शेत अडलं की गावाच्या नांगरजोड्या त्याच्या शेतात, आणि त्याने सगळ्यांना जेवण घालायचं. सावड होती, आज तुझ्या लावणीला मी, उद्या माझ्या लावणीला तू. कुणी त्याला उपकार म्हटलं नाही, कुणी "स्वतःचं शेत दुसऱ्याच्या हातात कसं द्यायचं" असं विचारलं नाही. मग भाताच्या खाचराला जी रीत चालते, ती आजारपणाच्या खाटेला का चालू नये?

म्हणून माझं मागणं तीन गोष्टींचं आहे.

एक, भोरचं उपजिल्हा रुग्णालय आणि वेल्ह्याचं ग्रामीण रुग्णालय, दोन्हीकडे दोन-दोन खाटा विसाव्याच्या ठेवा. नातेवाईक न लागणाऱ्या. आधी नाव नोंदवायचं, वर्षातून दोनदा आठवडाभर. लावणीच्या आणि काढणीच्या दिवसांत प्राधान्य.

दोन, दर मोठ्या गावात दोन बाया प्रशिक्षित करा. कूस बदलणं, भरवणं, लघवीची नळी सांभाळणं, एवढं. त्यांना दिवसाची मजुरी द्या. आशाताईंच्या डोक्यावर आणखी एक रजिस्टर देऊ नका, त्यांची आधीच तीच गत आहे. ग्रामपंचायतीने स्वउत्पन्नातला ५ टक्के निधी दिव्यांगांसाठी खर्च करायचा असतोच. निजून असलेल्या दिव्यांगाच्या घरी चार तास माणूस पाठवणं हा त्याच्यावरचाच खर्च आहे. महामार्गालगतच्या पंचायतींना ते सहज जमेल. आतल्यांना जमणार नाही, तिथे जिल्हा परिषदेने भर घालावी.

तीन, आपण. होय, पुण्यात राहून रविवारी फळं घेऊन जाणारे आपण. आमच्या घरी आता सहा चुलत भावंडांची पाळी आहे. महिन्यातून चार दिवस एकजण गावी जातो, लॅपटॉप घेऊन किंवा रजा टाकून. आंघोळीला शेजारच्या वहिनी येतात, कारण आजीला नातवांकडून करून घ्यायला संकोच वाटतो, आणि तो तिचा हक्क आहे. वहिनींना त्याचे पैसे दिले जातात. बाकी सगळं नातवांनी करायचं. पहिल्या खेपेला काकू माहेरी चार रात्री राहिली. भावजयीने नंतर सांगितलं की रात्री दर दोन तासांनी उठून बसायची, अंधारात चाचपायची आणि मग आठवलं की परत निजायची. चौथ्या रात्री सलग झोपली.

लोक नावं ठेवतील म्हणता? ठेवतीलच. "सून माहेरी जाऊन बसली, म्हातारी पोरांच्या जिवावर." त्यांना एकच विचारा, पुढच्या गुरुवारी दुपारी चार तास तुम्ही येता का? जो हो म्हणेल तो आपला माणूस. उरलेल्यांचं मत ऐकायला काकूला वेळ नाही, आणि मलाही.

असो. गणपतीला गावी जाल तेव्हा घरातल्या त्या एका बाईला "किती करतेस गं" म्हणू नका. कॅलेंडर काढा, तुमच्या नावाच्या तारखांवर पेनाने खूण करा आणि ते तिच्या स्वयंपाकघरात टांगून या.