मिसळ इथेनॉलची, भाव पेट्रोलचा

मुळशी तालुक्यातील उरवडे येथे प्राज कंपनीचे संशोधन केंद्र आहे. इथेनॉलनिर्मितीच्या तंत्रात पुण्याच्या या कंपनीने जगभर नाव मिळविले, ही अभिमानाची गोष्ट होय. तथापि पिरंगुटच्या कारखान्यात दुचाकीवरून कामास जाणाऱ्या कामगाराच्या पदरात या इंधनाने काय टाकले, हा प्रश्न विचारलाच पाहिजे.

पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल मिसळण्याचे उद्दिष्ट मुळात २०३० चे होते. ते २०२५ मध्येच गाठले गेले. परकीय चलन वाचले, हे सरकारचे म्हणणे खरे आहे. मग पंपावरील भाव का उतरला नाही? जुलै २०२५ अखेर इथेनॉलची सरासरी खरेदी किंमत, वाहतूक व करासह, लिटरला ७१ रुपये ३२ पैसे होती. शुद्ध केलेल्या पेट्रोलहून ती अधिक असल्याचे पेट्रोलियम मंत्रालयानेच मान्य केले. त्यातच लिटरभर इथेनॉलमध्ये पेट्रोलच्या सुमारे दोन-तृतीयांश इतकीच ऊर्जा असते. त्यामुळे मिश्र इंधनाची ऊर्जा सहा-सात टक्क्यांनी घटते. यास्तव अशा इंधनाची किंमत कमी ठेवावी, असे निती आयोगाच्या अहवालाने २०२१ मध्येच सुचविले होते. ती शिफारस कागदावरच राहिली.

ग्राहकाने दिलेला हा पैसा शेतकऱ्याकडे जातो, असे उत्तर मिळते. इथेनॉलमुळे कारखान्यांना रोकड लवकर मिळते व उसाची देणी भागविणे सोपे जाते, हे नाकारण्याचे कारण नाही. परंतु डिसेंबर २०२३ मध्ये साखरेच्या चिंतेने सरकारने उसाच्या रसापासून इथेनॉल करण्यावर एकाएकी बंदी घातली आणि आठवड्याभरातच ती सैल केली. अशा लहरी धोरणावर शेतकऱ्याने भरवसा कसा ठेवावा? ऊसतोड मजुराचा तर या हिशेबात उल्लेखही नाही. २०२५ मध्ये अन्न महामंडळाचा तांदूळ मद्यार्क कारखान्यांना किलोस साडेबावीस रुपयांनी देण्यात आला. सरकारचा स्वतःचा खर्च त्याहून कितीतरी अधिक होता. ही तूटही अखेर जनतेच्याच माथी आली.

१९२१ साली मुंबईच्या विजेसाठी मुळशीची भातखाचरे बुडू लागली, तेव्हा सेनापती बापटांच्या नेतृत्वाखाली मावळच्या शेतकऱ्यांनी सत्याग्रह केला. ऊर्जा कोणासाठी आणि किंमत कोणाच्या खिशातून, हाच त्या लढ्याचा सवाल होता. तो आजही सुटलेला नाही. इंधनाचा भाव ऊर्जेच्या प्रमाणात ठरावा, प्रत्येक पंपावर त्या भावाची फोड लावावी आणि इथेनॉलच्या उत्पन्नात ऊस उत्पादक व तोडणी मजूर यांचा वाटा कायद्याने निश्चित व्हावा, या मागण्या घेऊन कार्यकर्त्यांनी गावोगाव गेले पाहिजे.