राखणीची बंदूक : स्वस्त घ्या, पण पारखून घ्या



मालदांडी हुरड्यात आली की दिवसा पाखरे आणि रात्री डुकरे. पाखरांना गोफण पुरते, डुकरांच्या कळपाला पुरत नाही. कळप एका रात्रीत जेवढे खातो त्याहून जास्त लोळवून ठेवतो. दाणाही जातो आणि कडबाही. म्हणून बैठकांत एक प्रश्न वारंवार निघतो : राखणीला ठासणीची बंदूक घ्यावी का, आणि स्वस्तातली चालेल का?

आधी हक्काचे बोलू. १९५९ च्या शस्त्र अधिनियमाचे कलम १३ (३) आपल्या बाजूचे आहे. पिकाच्या खऱ्याखुऱ्या राखणीसाठी ठासणीच्या बंदुकीचा परवाना मागितला तर अधिकाऱ्याने तो द्यावा, असे तिथे म्हटले आहे. 'वाटल्यास द्यावा' असे नाही. नाकारायचा तर कलम १४ मधले कारण लागते, ते लेखी नोंदवावे लागते, आणि कलम १८ प्रमाणे अपील करता येते. ग्रामीण भागात हा अर्ज जिल्हाधिकाऱ्यांकडे जातो. तेव्हा 'पुढच्या महिन्यात या' एवढ्या तोंडी उत्तरावर परत फिरू नका. अर्जाची पोच घ्या आणि नकाराचे कारण लेखी मागा. आधी परवाना, मग बंदूक. हा क्रम मोडू नका. विनापरवाना बंदूक सापडली तर २०१९ च्या दुरुस्तीनंतर किमान दोन वर्षांची कैद आहे.

पण कायद्याने हक्काने दिलेली ही बंदूक सगळ्यात जुन्या पद्धतीची आहे. परदेशात तोंडाकडून भरायच्या रायफली हौशी शिकाऱ्यांसाठी आजही बनतात. त्यांच्या नळीत आटे असतात. आपली राखणीची बंदूक गुळगुळीत नळीची. तिचा बार दूरवर नेमका जाईल ही अपेक्षाच ठेवू नये. तिच्याकडून दोनच गोष्टी हव्यात : चाप ओढल्यावर उडावी, आणि ओढल्याशिवाय उडू नये. स्वस्त बंदूक या दोन कसोट्यांना उतरली तर ती चांगली. न उतरली तर फुकटातही महाग.

आम्ही एका गावी वडिलोपार्जित बंदूक पाहिली. दस्त्यावर पितळेची नक्षी, नळी तेलाने चकचकीत. गज आत सोडला तर तो तळापासून चार बोटे आधीच अडला. आत कधीचा तरी जुना बार तसाच होता, आणि घरातली पोरे ती बंदूक हाताळत होती. नक्षी सगळ्यांनी पाहिली होती, गज कोणी घातला नव्हता.

म्हणून पहिली तपासणी गजाची. गज आत पूर्ण सोडा, तोंडाशी खूण करा, मग तोच गज नळीच्या बाहेरून धरून पाहा. आत तो बुचापर्यंत पोचत नसेल तर बंदूक भरलेली आहे असे समजा. ती स्वतः उकरू नका, परवानाधारक कारागिराकडे द्या. रिकामी असल्याची खात्री झाली की पुढचे पाहा. नळीवर फुगवटा, चीर किंवा डाग दिल्याची खूण असेल तर सौदा तिथेच मोडा. आत उजेड पाडून बुचाजवळ गंजाचे खड्डे आहेत का पाहा. बार पेटतो तिथेच, आणि जोरही तिथेच बसतो. बुचाच्या सांध्यातून काजळी बाहेर आलेली नको. टोपी, म्हणजे केप, जिच्यावर बसते ती निपल झिजलेली असेल तर आगीचा झोत तोंडाकडे येतो. टोपी न लावता घोडा अर्धा चढवा आणि चाप ओढा; घोडा पडला तर ती बंदूक घेऊ नका. मनगटाशी दस्ता तडकलेला नको. शेवटी कारखान्याचे नाव, क्रमांक आणि चाचणीचे शिक्के पाहा. नाव-क्रमांक नसलेली किंवा ते घासून काढलेली बंदूक विकणेच गुन्हा आहे. दुसऱ्या शेतकऱ्याकडून जुनी घेत असाल तर विकणाऱ्याने जिल्हाधिकारी किंवा पोलीस ठाण्याला लेखी कळवून पंचेचाळीस दिवस जाऊ द्यावे लागतात. दुरुस्तीही परवान्याचे काम आहे. गावचा लोहार नांगराचा फाळ उत्तम शेवटेल, पण नळीला त्याने हात लावू नये.

नवशिक्याचे हात जातात ते बहुधा भरण्यातल्या चुकीने. काडतुसातली किंवा फटाक्याची दारू कधीही घालू नका. परवानाधारक दुकानातली काळी दारूच वापरा. बार तळापर्यंत ठासा, मध्ये पोकळी राहिली तर नळी फुटते. भरलेल्या बंदुकीत दुसरा बार पडू नये म्हणून गजावर रिकाम्या आणि भरलेल्या अशा दोन खुणा ठेवा. काळ्या दारूची राख ओल धरते. त्याच दिवशी गरम पाण्याने नळी धुऊन, कोरडी करून तेल द्या.

बंदुकीचा परवाना म्हणजे जनावर मारण्याचा परवाना नव्हे. १९७२ च्या वन्यजीव कायद्याप्रमाणे काळवीट पहिल्या अनुसूचीत आहे. पीक खाल्ले म्हणून त्याच्यावर नेम धरता येत नाही. रानडुकरासाठीही वनखात्याची लेखी परवानगी लागते. नान्नजचे माळढोक अभयारण्य १९७९ साली जाहीर झाले. अभयारण्यात परवानगीशिवाय शस्त्र नेता येत नाही, आणि त्याच्या दहा किलोमीटरच्या आत नवा परवाना द्यायचा तर मुख्य वन्यजीव रक्षकांची पूर्वसंमती लागते. त्या भागातल्या भावांनी अर्ज करतानाच हे विचारून घ्यावे.

डुकराला संरक्षण कायद्याने दिले, त्याच्या पोटाचा खर्च मात्र ज्वारीवाल्यावर टाकला. म्हणून या बैठकीत दोन मागण्या ठरवू. परवान्याच्या प्रत्येक अर्जावर मुदतीत लेखी निर्णय मिळावा. आणि वर्षातून एकदा, सुगीच्या आधी, तालुक्याच्या ठिकाणी जाणकार कारागिराकडून राखणीच्या बंदुकांची तपासणी आणि नवशिक्यांना शिकवणी व्हावी. ट्रॅक्टरची तपासणी होते, वजनकाट्याची होते. जी वस्तू गालाला लावून पेटवायची तिची होऊ नये, हे आम्हाला पटत नाही.

तोवर ज्याच्या घरी अशी बंदूक आहे त्याने आज घरी गेल्यावर आधी गज घालून पाहावा.