टाचेमागची कंडरा आणि गडाची वाट

सिंहगडाच्या आतकरवाडीच्या वाटेवर रविवारी पहाटे साठी-सत्तरीतील अनेक मंडळी नेमाने दिसतात. त्यांपैकी कोणाच्या टाचेमागे दुखू लागले की दोन सल्ले हमखास मिळतात. सोबती म्हणतात, ''चालल्याने मोकळे होईल.'' घरचे म्हणतात, ''आता गड पुरे झाला.'' वाचकहो, दोन्ही सल्ले मायेचे असले, तरी दोन्ही मानू नयेत असेच मी सांगेन.

पोटरीचे स्नायू टाचेच्या हाडाला जोडणारी दोरखंडासारखी पट्टी म्हणजे कंडरा. बोलताना आपण तिला शीर म्हणतो. शरीरातील ही सर्वांत जाड कंडरा. तरीही टाचेच्या वर दोन ते सहा सेंटिमीटरांच्या पट्ट्यात तिचा रक्तपुरवठा बेताचाच असतो. त्यामुळे स्नायूची साधी दुखापत काही आठवड्यांत सावरते, कंडरेला मात्र महिने लागतात. केवळ पडून राहिल्याने ती आणखी दुबळी होते, कारण बेताबेताने भार सोसूनच तिचे तंतू बळकट होतात.

तीव्र दुखणे ओसरल्यावर, डॉक्टरांना पाय दाखवून, स्वयंपाकघराच्या ओट्याला धरून दोन्ही चवड्यांवर उभे राहावे आणि टाचा अगदी सावकाश खाली टेकवाव्यात. पंधरा वेळा, अशा तीन फेऱ्या, सकाळ-संध्याकाळ. प्रथम याहून कमी जमल्या तरी चालेल. पुढे खाली येताना भार दुखऱ्या पायावर घ्यावा. हा क्रम साधारण १२ आठवडे चालवायचा असतो. तिसऱ्या आठवड्यात कंटाळा येतो, हे मी रोज पाहतो. व्यायामात थोडे दुखले तर घाबरू नये. खरी परीक्षा दुसऱ्या दिवशी सकाळी. अंथरुणातून उठल्यावरची पहिली पावले कालच्यापेक्षा अधिक ताठर पडली, तर काल अति झाले.

सपाट रस्त्यावर अर्धा तास चालूनही सकाळ नेहमीसारखी गेली, की गडाचा विचार करावा. पण पहिल्या खेपेस वर गाडीने जावे, माथ्यावर फिरावे, पिठलं-भाकरी खाऊन गाडीनेच उतरावे. (पिठल्यासोबतच्या भज्यांना माझी संमती नाही.) चढावर घोटा अधिक वाकतो आणि कंडरा ताणली जाते, म्हणून नंतर थोडाच चढ, लहान पावले, हातात काठी आणि टाचेला किंचित उंची देणारे बूट. अंतर आणि चढ एकाच आठवड्यात वाढवू नयेत. सोबत्यांच्या वेगाने चालणे तर नकोच.

घरच्यांनी औषधांच्या पाकिटांकडेही लक्ष ठेवावे. सिप्रोफ्लॉक्सासिन, लेव्होफ्लॉक्सासिन या प्रतिजैविकांनी क्वचित कंडरेला इजा होते. साठीनंतर, विशेषतः स्टेरॉइडच्या गोळ्या चालू असताना, हा धोका वाढतो. लघवीच्या संसर्गासाठी अशी गोळी चालू असताना टाचेमागे दुखू लागले, तर पुढची गोळी घेण्यापूर्वी डॉक्टरांना फोन करावा.

आणि चालताना मागून कोणी लाथ मारल्यासारखे वाटले, त्या पायाच्या चवड्यावर उभे राहता येईना, तर कंडरा तुटली असण्याची शक्यता असते. अशा वेळी काही जण लंगडत का होईना चालू शकतात, आणि तिथेच घरचे फसतात. तेल चोळत बसू नये. त्याच दिवशी अस्थिरोगतज्ज्ञांकडे न्यावे.