बाळाची पहिली वाटी कोणाच्या हाती?

जालन्याहून मंठामार्गे जिंतूरकडे निघालेल्या प्रवाशाला परभणी जिल्ह्याच्या सेलू तालुक्यात देवगाव फाटा लागतो. येथून एक रस्ता सेलूकडे वळतो. भोवतीचे शिवार काळ्या कसदार जमिनीचे, ज्वारी, तूर, मूग आणि हरभरा पिकवणारे आहे. पण मराठवाड्यातील कोणत्याही फाट्यावर दिसते तेच येथेही दिसते. टपऱ्यांच्या दाराशी खारट, तेलकट पदार्थांच्या रंगीत पुड्यांच्या माळा लटकत असतात. गावचे धान्य आडतीवर जाते आणि गावच्या लेकराच्या हाती पुडी येते. हा उलटा व्यवहार आता इतका अंगवळणी पडला आहे की, त्यात काही वावगे आहे असेही कोणाला वाटेनासे झाले आहे.

प्रश्न केवळ पुडीचा नाही. ज्या समाजाने अन्नाला पूर्णब्रह्म मानले, त्या समाजातील बालकाचा पहिला घास कोणी ठरवायचा, हा प्रश्न आहे. घराने, की परदेशी कंपनीने, की सरकारी कंत्राटदाराने? स्वदेशीच्या गप्पा पुष्कळ होतात. परंतु ज्या घरात बाळाची पहिली वाटीच परक्याच्या हाती गेली, त्या घरातील स्वदेशी फलकापुरतीच उरते.

उष्टावण झाले, पुढे काय?

सोळा संस्कारांत अन्नप्राशनाला स्वतंत्र स्थान आहे. गृह्यसूत्रांनी त्यासाठी सहावा महिना सांगितला. काश्यपसंहितेने त्याच महिन्यात फलप्राशन सांगितले. जागतिक आरोग्य परिषदेने २००१ मध्ये ठराव केला की, पहिले सहा महिने बालकाला केवळ मातेचे दूध द्यावे आणि त्यानंतर स्तनपान चालू ठेवून पूरक आहार सुरू करावा. परंपरेने सांगितलेला काळ आणि आधुनिक शास्त्राने सांगितलेला काळ यांचा असा मेळ बसावा, ही अभिमानाची गोष्ट खरीच.

मात्र अभिमानाने पोट भरत नाही. महाराष्ट्रात उष्टावण थाटात होते. मामाच्या मांडीवर बाळ बसते, चांदीच्या वाटीतील खीर ओठाला लागते, छायाचित्रे निघतात. आणि दुसऱ्या दिवशी डबा फोडला जातो, किंवा चहात बुडवलेले बिस्कीट बाळाच्या तोंडात जाते. संस्काराचा सोहळा उरला आणि संस्काराचा आशय गळून पडला. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीने (२०१९-२१) या उदासीनतेचे मोजमाप देशासमोर ठेवले. सहा ते तेवीस महिने वयाच्या बालकांपैकी पुरेसा आहार मिळणारी बालके देशभरात अवघी ११.३ टक्के होती. महाराष्ट्रात पाच वर्षांखालील ३५.२ टक्के बालके वयाच्या मानाने खुजी आढळली आणि ६८.९ टक्के बालकांत रक्तक्षय आढळला. प्रगत म्हणवणाऱ्या राज्याला हे आकडे शोभणारे नाहीत.

साखरेतला दुजाभाव

एप्रिल २०२४ मध्ये ‘पब्लिक आय’ या स्वित्झर्लंडमधील संस्थेने शिशुआहाराविषयी एक अहवाल प्रसिद्ध केला. नेस्ले या स्विस कंपनीच्या भारतात विकल्या जाणाऱ्या ‘सेरेलॅक’मध्ये दर वेळच्या खाण्यामागे सरासरी सुमारे तीन ग्रॅम वरून घातलेली साखर आढळली. स्वित्झर्लंडमध्ये हीच कंपनी आपला प्रमुख शिशुआहार वरून साखर न घालता विकत होती. गेल्या पाच वर्षांत साखर बरीच कमी केल्याचा खुलासा कंपनीने केला आणि ऑक्टोबर २०२४ मध्ये परिष्कृत साखर नसलेले प्रकार बाजारात आणण्याची घोषणाही केली. येथेच खरा प्रश्न उभा राहतो. साखरेवाचून हा आहार बनू शकत होता, तर भारतीय बालकाच्या वाटीत ती इतकी वर्षे कशासाठी पडत होती? स्विस बाळाची जीभ जपायची आणि भारतीय बाळाच्या जिभेला गोडाची चटक लावायची, हा कोणता न्याय?

कायद्याने त्या साखरेला मज्जाव नव्हता, असे उत्तर दिले जाते. ते खरे आहे आणि म्हणूनच अधिक लाजिरवाणे आहे. देशात शिशुआहारविषयक कायदा १९९२ पासून आहे. २००३ च्या दुरुस्तीने तो आणखी कडक झाला. दोन वर्षांपर्यंतच्या बालकांच्या तयार आहाराची जाहिरात करण्यास त्यात बंदी आहे. कंपन्यांनी डॉक्टरांच्या परिषदांचा खर्च उचलण्यासही मनाई आहे. परंतु घराघरांतील माता-पितेच ‘डब्यावाचून बाळ वाढत नाही’ असे एकमेकांना सांगू लागले, तर कंपनीला जाहिरातीची गरज तरी काय? कायदा बाजाराला आवर घालू शकतो. मनाचे दास्य हटवणे हे समाजाचेच काम आहे.

थोड्या मोठ्या मुलांच्या दुधात पडणाऱ्या चूर्णांची कथा वेगळी नाही. २०२३ मध्ये ‘बोर्नव्हिटा’तील साखरेवर टीकेची झोड उठली, वर्षअखेरीस ती कमी करण्यात आली. एप्रिल २०२४ मध्ये केंद्र सरकारने अशा पेयांना ‘आरोग्यपेय’ या वर्गातून वगळण्याची सूचना ऑनलाईन विक्रेत्यांना केली. एवढ्या वर्षांत त्या नावाखाली किती डबे रिकामे झाले असतील, याचा हिशेब ज्याने त्याने आपल्या फडताळात पाहून करावा.

मिलो ते परभणी शक्ती

मराठवाड्याला परक्या धान्याची चव नवी नाही. १९७२ च्या दुष्काळात अमेरिकेतून आलेली लाल ‘मिलो’ ज्वारी या भागाने रांगा लावून घेतली, दुष्काळी कामांवर सुकडी खाल्ली. त्या पिढीच्या मनावरचा तो ओरखडा अजून पुसलेला नाही. पण त्याच वर्षी, १८ मे १९७२ रोजी, परभणीत कृषी विद्यापीठ स्थापन झाले. परभणी मोती, परभणी ज्योती हे ज्वारीचे वाण त्याच विद्यापीठाने दिले. पुढे २०१८ मध्ये हैदराबादजवळील ‘इक्रिसॅट’ या संशोधन संस्थेच्या सहकार्याने ‘परभणी शक्ती’ हा वाण आला. लोह आणि जस्त यांचे प्रमाण नेहमीच्या वाणांहून अधिक असलेली ही भारतातील पहिली जैवसंपृक्त ज्वारी होय.

म्हणजे ज्या रक्तक्षयाने महाराष्ट्रातील बालके पोखरली आहेत, त्यावरील एक उत्तर परभणीच्या मातीत उगवू शकते. भारताच्या पुढाकाराने संयुक्त राष्ट्रसंघाने २०२३ हे भरडधान्य वर्ष म्हणून साजरे केले. ज्वारी-बाजरीला ‘श्रीअन्न’ हे गौरवाचे नाव मिळाले. प्रत्यक्षात मात्र मराठवाड्याच्या शिवारात सोयाबीन आणि कापूस यांनी ज्वारीची जागा मोठ्या प्रमाणावर घेतली. श्रीअन्नाचा जयजयकार महानगरांतील मेजवान्यांत व्हायचा आणि देवगाव फाट्याच्या परिसरातील बालकाने मैद्याचे बिस्कीट चघळायचे, याला विसंगतीहून सौम्य शब्द सापडणार नाही.

कंत्राटी पोषण

बाजाराची ही कथा. शासनाची त्याहून निराळी नाही. २ ऑक्टोबर १९७५ रोजी एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू झाली आणि अंगणवाडी गावोगाव पोहोचली. सर्वोच्च न्यायालयाने ७ ऑक्टोबर २००४ रोजी स्पष्ट आदेश दिला की, अंगणवाडीच्या पोषण आहारात कंत्राटदार नकोत. हे काम शक्यतो ग्रामसमूह, बचत गट आणि महिला मंडळे यांच्याकडे द्यावे. महाराष्ट्रात या आदेशाचे काय झाले? २०१६ मध्ये घरपोच आहारासाठी सुमारे ६,३०० कोटी रुपयांची निविदा निघाली. तिच्यातील अटींपुढे गावातला खराखुरा बचत गट टिकणे अशक्यच होते. अखेर २६ फेब्रुवारी २०१९ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ती प्रक्रिया रद्द केली.

ही निविदा निघाली तेव्हा राज्यात भाजप-शिवसेना युतीचे सरकार होते, हे सोयीस्करपणे विसरून चालणार नाही. काँग्रेसच्या राजवटीवर टीका करताना जो मापदंड लावला, तोच आपल्या विचारांच्या राजवटीलाही लावावा लागतो. अन्यथा तो मापदंड नव्हे, पक्षपात ठरतो. सरकारे बदलली तरी कंत्राटी वृत्ती टिकून राहते. याचे कारण एकच: गावातील दहा महिला एकत्र येऊन गावच्या बालकांसाठी धान्य भाजून, दळून देऊ शकतात, यावर मंत्रालयाचा विश्वास नाही. आणि गावानेही तो विश्वास अजून मागून घेतलेला नाही.

परंपरेच्या नावाने आळस नको

घरच्या अन्नाचा कैवार घेताना एक कटू सत्यही सांगितले पाहिजे. ‘आजीच्या काळी सारे उत्तम होते’ असे म्हणून स्वस्थ बसणाऱ्यांनी बालकांचे भले केलेले नाही. सहा महिने झाल्यावरही अनेक घरांत बाळाला वरणाचे नुसते वरचे पाणी किंवा भाताची पेज पाजली जाते आणि आईला वाटते, बाळ जेवले. स्तनपान चालू असताना वरच्या अन्नातून सहा ते आठ महिन्यांच्या बालकाला दिवसाला साधारण २००, नऊ ते अकरा महिन्यांच्या बालकाला ३००, तर एक ते दोन वर्षांच्या बालकाला ५५० उष्मांक मिळावे लागतात. वरणाच्या पाण्याने ते कसे मिळणार? चिमुकल्या पोटात पाणीच भरले, तर अन्नाला जागा उरत नाही.

तयार आहाराचे समर्थक लोहाचा मुद्दा मांडतात. तो पोकळ नाही. सहाव्या महिन्यानंतर बालकाच्या शरीरातील लोहाचा साठा ओसरू लागतो आणि आईच्या दुधातील लोह पुरे पडत नाही. पण याचे उत्तर गोड डबा हे नव्हे. ‘ॲनिमियामुक्त भारत’ या २०१८ च्या कार्यक्रमात सहा महिने ते पाच वर्षे वयाच्या बालकांना आठवड्यातून दोनदा एक मिलिलिटर लोहयुक्त औषध मोफत देण्याची तरतूद आहे. ते आशा कार्यकर्तीकडे हक्काने मागावे, आरोग्य केंद्राच्या सल्ल्याने द्यावे, वरण-भातावर लिंबू पिळावे आणि बाळाला चहा मुळीच देऊ नये.

उरली कृती. ती प्रत्येक मराठी घराला ठाऊक होती. तीन भाग तांदूळ, ज्वारी किंवा नाचणी, एक भाग मुगाची डाळ. धुऊन, वाळवून, खमंग भाजून भरड दळावी. त्यात भाजलेल्या शेंगदाण्याचे बारीक कूट मिसळावे. चमचा कलता केल्यावर ओघळणार नाही इतपत घट्ट शिजवून वर तूप सोडावे. नाचणीला मोड आणून केलेले सत्त्व तर शास्त्राच्या कसोटीलाही उतरते. बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठात डॉ. तारा गोपालदास यांनी दाखवून दिले की, मोड आणलेल्या धान्याचे चिमूटभर पीठ घट्ट लापशीला पातळ करते, त्यामुळे थोड्या घासांत अधिक बळ जाते. पहिल्या वर्षात मीठ, साखर, गूळ नको. मध तर मुळीच नको. ज्या घरात अंडे चालते, तेथे ते अवश्य द्यावे.

मोठ्यांसाठी वेगळा आणि बाळासाठी वेगळा स्वयंपाक करण्याचे कारण नाही. फोडणी, तिखट, मीठ पडण्याआधी वरणातून, भाजीतून बाळाची वाटी काढून घ्यावी. बाळाच्या निमित्ताने चुलीवर आलेली शेवग्याची भाजी, अंबाडी, ज्वारीची भाकरी, जवसाची चटणी मोठ्यांच्या ताटातही परत येईल. बाळ जेवते तेच घर जेवू लागले, तर घरातील मधुमेह आणि स्थूलता यांनाही थोडा आळा बसेल.

भार एकट्या आईवर नको

येथे एक वळण टाळले पाहिजे. घरचे अन्न म्हटले की सारा दोष आईच्या माथी मारण्याची खोड समाजाला आहे. २०१७ च्या कायद्याने नोकरदार मातेला २६ आठवड्यांची प्रसूतिरजा मिळाली. म्हणजे बाळाचे वरचे अन्न सुरू होते, नेमकी तेव्हाच ती संपते. मराठवाड्यातून ऊसतोडीला जाणाऱ्या मातेला तर तीही नाही. पाचटावर झोपलेले बाळ आणि हातातला कोयता एवढेच तिचे प्रसूतिविश्व. अशा मातेला उपदेश करणे हा क्रूर विनोद ठरेल. तिच्यासाठी भरड दळून ठेवणारा पती, भरवणारे आजी-आजोबा, फडावर पाळणाघर चालवणारा समाज हवा. कुटुंब प्रबोधन म्हणजे सायंकाळच्या सामूहिक प्रार्थनेनंतर सासऱ्याने नातवाची वाटी धुण्यास उठणेही होय.

शाखा, समितीची केंद्रे, भजनी मंडळे, बचत गट गावोगाव आहेत. त्यांनी एवढेच करावे: आपल्या वस्तीत सहावा महिना लागलेली बालके कोणती, याची नोंद ठेवावी, उष्टावणाच्या आहेरात कपड्यांऐवजी महिन्याची भरड द्यावी, अंगणवाडीत येणारा आहार दर पंधरवड्याला पाहून ग्रामसभेत त्याचा हिशेब मागावा, परभणी शक्तीचे बी मिळवून आपल्या शेतातील दोन गुंठे तरी घरच्या लेकरांसाठी राखावेत. यासाठी कोणाच्या अनुदानाची वाट पाहावी लागत नाही.

राष्ट्र सबळ व्हावे, अशी प्रार्थना रोज होते. ते सबळ होण्याचा आरंभ कोठून करायचा, हे ज्यांना अजून उमगले नसेल, त्यांनी शेजारच्या घरातील आठ महिन्यांच्या बाळाने आज काय खाल्ले, एवढे विचारून यावे.