गुलाबी ऑक्टोबर कुणाचा?

ऑक्टोबर आला की गुरुग्राममधल्या कंपन्या गुलाबी होतात. लॉबीत रिबिनी लागतात, मॅमोग्राफीची सवलत मिळते, कुणी डॉक्टर येऊन ‘लाजू नका, वेळेत तपासा’ सांगून जाते. त्याच लॉबीची फरशी पुसणारी बाई मात्र कंत्राटदाराच्या हजेरीपटावर असते, म्हणून ती ‘कर्मचारी’ नसते. झाडलोटीला वाल्मीकी स्त्रिया, घरकामाला बंगाल, आसाम, बिहारमधून आलेल्या दलित आणि मुस्लिम स्त्रिया, हे इथे राहणाऱ्या कुणाला सांगावं लागत नाही.

तरीही कर्करोग उशिरा कळला की खापर फुटतं ते बाईच्या ‘अडाणीपणा’वर. मुंबईतला पुरावा वेगळं सांगतो. टाटा मेमोरियलने १९९८ पासून मुंबईच्या गरीब वस्त्यांतल्या ३५ ते ६४ वयाच्या दीड लाखांवर स्त्रियांचा अभ्यास केला. निम्म्या वस्त्यांत प्रशिक्षित आरोग्यसेविका दर दोन वर्षांनी, चार वेळा, हाताने स्तन तपासत. उरलेल्या वस्त्यांत फक्त एकदा कर्करोगाची माहिती दिली गेली. २०२१ मध्ये निष्कर्ष छापून आले. तपासलेल्या स्त्रियांत रोग आधीच्या टप्प्यात सापडला, आणि पन्नाशीपुढच्यांत स्तनाच्या कर्करोगाचे मृत्यू जवळपास ३० टक्क्यांनी घटले. (पन्नाशीच्या आत मृत्यूंत तसा ठोस फरक दिसला नाही, हेही सांगायला हवं.)

म्हणजे नुसती जागृती ही त्या प्रयोगात तपासणी न मिळालेल्या बायकांच्या वाट्याला आलेली गोष्ट होती. त्यांना तपासणीविना ठेवण्यावर पुढे नैतिक आक्षेपही घेतले गेले. आणि आज तीच नुसती जागृती आपल्यासमोर मोहीम म्हणून मिरवली जाते! वस्तीतल्या बायकांच्या शरीरांवरून मिळालेलं ज्ञान वस्तीत परतलंच नाही.

या तपासणीला मोठं यंत्र लागत नाही. २०१६ पासून केंद्राच्या आराखड्यात तिशीपुढच्या प्रत्येक स्त्रीसाठी ती आहे, कागदावर. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) ३० ते ४९ वयाच्या, कधीतरी स्तनतपासणी झालेल्या बायका निघाल्या ०.९ टक्के. शंभरात एकही भरत नाही. बाकीच्या सगळ्या लाजल्या, की तपासायला कुणी आलंच नाही?

आणि यायचं तरी कुठे? २०२५ च्या जुलैत गुरुग्राम पोलिसांनी पडताळणीच्या नावाखाली बंगाली बोलणाऱ्या मजुरांना उचलून कम्युनिटी सेंटरांत डांबलं. भीतीने कुटुंबंच्या कुटुंबं शहर सोडून गेली. पुन्हा पुन्हा तपासायचं तर ती बाई त्या पत्त्यावर राहू शकली पाहिजे. गाठ सापडली तरी पुढे सोनोग्राफी, बायोप्सी, रिपोर्ट. प्रत्येक फेरीला एक खाडा, आणि खाड्याचे पैसे कापले जातात. आयुष्मान कार्ड दाखल झाल्यावर चालतं, ओपीडीच्या फेऱ्यांना नाही.

कंपन्यांनी रिबिनी खुशाल लावाव्यात. पण त्याआधी कंत्राटी सफाई कामगार बायकांना तपासणीसाठी भरपगारी सुट्टी द्यावी, आणि पुढच्या फेऱ्यांसाठीही. सरकारने वस्तीत आरोग्यसेविका पाठवावी, ओळखपत्र न मागता आणि सोबत पोलीस न आणता.