थेट प्रक्षेपणाची सेवा शेतकऱ्याच्या बाजूने निवडावी

कृषी विज्ञान केंद्राचा शेतकरी मेळावा असो, कृषी विद्यापीठाची शिवारफेरी असो वा शेतकरी उत्पादक कंपनीची वार्षिक सभा, निमंत्रणपत्रिकेवर ‘कार्यक्रमाचे थेट प्रक्षेपण होईल’ ही ओळ आता हमखास असते. मात्र प्रक्षेपण कोणत्या सेवेवरून व्हावे, हा निर्णय मंडप, ध्वनिक्षेपक आणि भोजन यांच्या यादीत बहुधा शेवटी होतो. चित्रीकरणाचे काम घेणारा व्यावसायिक जी सेवा नेहमी वापरतो, तीच पुढे केली जाते व तीच स्वीकारली जाते. ही पद्धत बदलणे आवश्यक आहे.

चित्रीकरण करणाऱ्याचा ग्राहक आयोजक संस्था असते. परंतु त्या संस्थेचा खरा ग्राहक शेतकरी असतो. व्यावसायिकाला सोयीची असलेली सेवा दूरच्या पाड्यावरील शेतकऱ्याला सोयीची असेलच असे नाही. म्हणून सेवेची निवड व्यासपीठाकडून नव्हे, तर शेवटच्या प्रेक्षकाकडून सुरू व्हावी. त्याच्या हातात कोणता फोन आहे, दिवसाला किती डेटा आहे, तो कोणत्या वेळी मोकळा असतो आणि त्याला प्रश्न विचारता येईल का, या चार बाबींवरूनच सेवा ठरली पाहिजे.

भारतीय कृषी विस्ताराला हा विचार नवीन नाही. १९७५-७६ मधील उपग्रह दूरचित्रवाणी प्रयोगात ६ राज्यांतील सुमारे २,४०० गावांत सार्वजनिक ठिकाणी संच बसविले गेले. घरोघरी दूरचित्रवाणी नव्हती, म्हणून गावाने एकत्र बसून पाहावे अशी योजना होती. प्रेक्षकाची स्थिती आधी आणि तंत्र नंतर, असा तिचा क्रम होता. करोनाकाळात, सप्टेंबर २०२० मध्ये, लुधियानाच्या पंजाब कृषी विद्यापीठाने आपला किसान मेळा आभासी स्वरूपात भरविला. आता प्रत्यक्ष मेळावे पूर्ववत भरत असले तरी प्रक्षेपणाची गरज संपलेली नाही. जळगावच्या मेळाव्यात केळीवरील करपा रोगाविषयी जे सांगितले जाते, ते बुऱ्हाणपूरच्या केळी उत्पादकालाही तितकेच हवे असते.

पहिला निकष डेटाचा. प्रतिसेकंद २.५ मेगाबिट दराने येणारे चित्र तासाला सुमारे १.१ गिगाबाइट डेटा घेते. ज्याच्याकडे दिवसाला दीड-दोन गिगाबाइट डेटा आहे, त्याचा साठा तीन तासांचा मेळावा संपण्यापूर्वीच संपेल. तेच चित्र कमी दर्जात, प्रतिसेकंद ०.७ मेगाबिट दराने पाहिले, तर तीन तासांना साधारण १ गिगाबाइट पुरतो. म्हणून एकच प्रक्षेपण अनेक दर्जांत उपलब्ध करून देणारी आणि प्रेक्षकाला दर्जा निवडू देणारी सेवा घ्यावी. चित्र थोडे अस्पष्ट असले तरी चालते. आवाज तुटला की औषधाची मात्राच चुकीची ऐकू जाते. खर्चात निवड करावी लागली, तर दुसऱ्या कॅमेऱ्याऐवजी चांगल्या मायक्रोफोनला प्राधान्य द्यावे.

दुसरा निकष कार्यक्रमाच्या स्वरूपाचा. खुल्या मेळाव्यासाठी यूट्यूब ही सेवा बहुतेक वेळा योग्य ठरते. प्रेक्षकसंख्येसाठी शुल्क नाही, दर्जा निवडता येतो आणि १२ तासांपेक्षा कमी अवधीचे प्रक्षेपण आपोआप जतन होते. मात्र नव्या वाहिनीवर थेट प्रक्षेपणाची परवानगी मिळण्यास २४ तास लागू शकतात आणि मोबाइलवरून प्रक्षेपण करण्यासाठी किमान ५० सबस्क्रायबर आवश्यक असतात. ही तयारी मेळाव्याच्या सकाळी करता येत नाही. फेसबुकवर प्रेक्षक सहज सापडतात. परंतु फेब्रुवारी २०२५ पासून तेथील थेट प्रक्षेपणाचे चित्रण ३० दिवसांनंतर काढून टाकले जाते. पेरणीपूर्व मेळाव्यातील कीड व्यवस्थापनाचा सल्ला कीड दिसू लागेपर्यंत नाहीसा झालेला असेल, तर त्या प्रक्षेपणाचा उपयोग अर्धाच राहतो. झूम व गूगल मीट या सेवा संवादासाठी चांगल्या आहेत. परंतु त्यांच्या विनामूल्य योजनांत १०० सहभागींची मर्यादा आहे आणि गटबैठकीचा अवधी अनुक्रमे ४० व ६० मिनिटांचा आहे. पीकनिहाय लहान गटाच्या प्रशिक्षणास त्या पुरेशा आहेत, मेळाव्यास नाहीत. शासकीय संस्थांना राष्ट्रीय सूचना-विज्ञान केंद्राच्या वेबकास्ट सेवेचाही विचार करता येतो.

तिसरा निकष विश्वासार्हतेचा. विनामूल्य सेवांवर जाहिराती येऊ शकतात आणि कोणती जाहिरात यावी हे संस्थेच्या हाती पूर्णपणे नसते. कीटकनाशकांचा वापर मर्यादित ठेवा, असे शास्त्रज्ञ सांगत असताना मध्येच एखाद्या कीटकनाशकाची जाहिरात आली, तर शेतकऱ्याने कोणाचे ऐकावे? ही जोखीम शून्यावर आणता येत नाही. पण सूत्रसंचालकाने आरंभीच ‘जाहिराती संस्थेच्या नाहीत’ असे स्पष्ट करावे. मध्यंतरात चित्रपटगीते लावण्याचा मोहही टाळावा, कारण स्वामित्व हक्काच्या संगीतामुळे प्रक्षेपण खंडित होऊ शकते.

चौथा निकष मालकीचा; तोच सर्वाधिक दुर्लक्षित आहे. प्रक्षेपण व्यावसायिकाच्या वाहिनीवरून झाले, तर चित्रणही त्याच्याकडेच राहते. पुढील वर्षी काम दुसऱ्याला दिले की जुने दुवे हाती राहतीलच याची खात्री नसते. प्रक्षेपण संस्थेच्याच वाहिनीवरून व्हावे आणि मूळ चित्रण संस्थेच्या स्वाधीन करावे, या दोन अटी कार्यादेशात लेखी असाव्यात. त्यासोबत तिसरी अटही असावी: कार्यक्रमाच्या ठिकाणी, कार्यक्रमाच्याच वेळी, एक-दोन दिवस आधी अपलोडचा वेग तपासावा आणि दोन वेगवेगळ्या कंपन्यांच्या जोडण्या ठेवाव्यात. मेळाव्याच्या दिवशी हजारो फोन एकाच मनोऱ्यावर भार टाकतात, म्हणून आवश्यकतेच्या दुप्पट वेग हाती असावा.

शुल्क आकारणाऱ्या बंदिस्त सेवेत नावनोंदणी होते, उपस्थितीचा अहवाल मिळतो आणि जाहिराती नसतात, असा युक्तिवाद केला जातो. तो निराधार नाही. प्रमाणपत्र देणाऱ्या प्रशिक्षणासाठी ती सोय महत्त्वाची आहे. परंतु खुल्या मेळाव्यात नवे अ‍ॅप उतरवा, ई-मेल द्या, संकेतशब्द टाका, अशा प्रत्येक पायरीवर काही शेतकरी गळतात. अहवाल परिपूर्ण व्हावा म्हणून प्रेक्षक कमी करणे हा विस्ताराचा हेतू असू शकत नाही.

कोणतीही सेवा निवडली तरी दोन कामे माणसांनीच करावी लागतात. ग्रामपंचायत, दूध संकलन केंद्र किंवा शाळा येथे मोठ्या पडद्यावर एकत्र पाहण्याची व्यवस्था केली, तर दहा जणांचा डेटा वाचतो आणि शेजारी बसलेला कृषी सहायक शंकाही सोडवू शकतो. दुसरे असे की, आलेले प्रश्न वाचून शास्त्रज्ञांपुढे ठेवण्यासाठी एक व्यक्ती स्वतंत्र नेमावी; लिहिता न येणाऱ्यांसाठी एक दूरध्वनी क्रमांक पडद्यावर सतत दिसावा. कार्यक्रमानंतर तीन तासांचे चित्रण विषयवार आठ-दहा मिनिटांच्या भागांत विभागले, तर शेतकरी ते गरजेच्या आठवड्यात पुन्हा पाहू शकतो.

मेळाव्याच्या अहवालात ‘इतक्या हजारांनी पाहिले’ हा आकडा अभिमानाने नोंदवला जातो. त्याच्याच खाली किती प्रश्न आले, किती प्रश्नांना उत्तरे मिळाली आणि किती उत्तरे अद्याप बाकी आहेत, या तीन नोंदीही द्याव्यात. त्या देणे बंधनकारक झाले, तर पुढच्या मेळाव्यासाठी कोणती सेवा घ्यावी याचा निर्णय निमंत्रणपत्रिका छापण्यापूर्वीच होऊ लागेल.