एकोणसत्तर पानांचा पुडा

मे महिन्यातली संध्याकाळ. चामोर्शी तालुक्यात घोटच्या बाजूला एका तेंदूफळीवर, म्हणजे तेंदूची पानं मोजून घेतात त्या जागी, उभा होतो. दिवाणजीने एक पुडा उचलला, अंगठ्याने पानांच्या कडा सरसर मोजल्या आणि बाजूला टाकला. ‘‘एकोणसत्तर.’’ समोरची बाई काही बोलली नाही. टोपलीच्या तळाशी सुटी पानं ठेवलेलीच होती. त्यातलं एक काढून तिनं पुड्याच्या बंदात खोचलं आणि पुडा परत रांगेत सरकवला.

एकोणसत्तर हा शब्द मला त्या दिवशी पहिल्यांदा नीट ऐकू आला. सत्तराला एक उणा. पुड्यात अडुसष्ट पानं असती तर भाषेने चुगली केली नसती. एकच पान कमी पडलं, तर आकड्याचं नावच तक्रार होऊन बसतं.

महाराष्ट्रात तेंदूचा पुडा ७० पानांचा. असे १,००० पुडे म्हणजे एक प्रमाण गोणी, म्हणजे ७०,००० पानं. पूर्वेची हद्द ओलांडून छत्तीसगडात गेलं की झाड तेच, पान तेच, विडीही तीच. पुडा मात्र ५० चा. जंगलाला याचा पत्ता नाही.

ती बाई मोजत कशी होती, ते मी नंतर तिच्या शेजारी बसून पाहिलं. पाच पानं एकावर एक: उंदी, रंड, मुंड, नालुंग, सैयुंग. हे गोंडीत, ओठांतल्या ओठांत. मग ती चवड मांडीवर. अशा चौदा चवडी झाल्या की पुडा बांधायचा. चवडी मोजायच्या त्या मात्र मराठीत, दिवाणजीला ऐकू जाईल अशा आवाजात. आणि मजुरी मिळणार शेकड्याने, शंभर पुड्यांना इतके रुपये अशी. दोन भाषा, पाचाची चवड, सत्तराचा पुडा, शंभराचा भाव. एवढी पाऱ्यासारखी निसटणारी बेरीज ती बोलता बोलता करत होती, आणि मी खिशातून मोबाइल काढला होता.

आपण दहात मोजतो कारण बोटं दहा, असं शाळेत सांगतात. मग बोटांना पेरंही आहेत, त्यांचं काय? माझ्या वडिलांच्या पिढीने नुसते पाढे नाही, तर पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी आणि औटकी घोकली. औट म्हणजे साडेतीन. ‘औटघटकेचं राज्य’ आपण अजून म्हणतो, पण ते किती वेळाचं हे कुणी विचारत नाही. दिवसाच्या घटका साठ, म्हणजे एक घटका २४ मिनिटांची. तेव्हा हे राज्य टिकणार ८४ मिनिटं. हल्लीचा सिनेमाही याहून लांब असतो. घटकेची पळं पुन्हा साठ. घड्याळात मिनिटं-सेकंदांचे साठ आले ते बाबिलोनकडून, आणि एवढ्या दशमान क्रांत्या होऊनही त्यांना कुणी हात लावू शकलं नाही.

रुपयाला मात्र हात लागला. १ एप्रिल १९५७ पर्यंत रुपयाचे आणे सोळा, पैसे चौसष्ट, पै एकशे ब्याण्णव. त्या दिवसापासून शंभर नवे पैसे. चार आण्यांचे पंचवीस झाले, आठ आण्यांचे पन्नास, ते ठीक. पण एका आण्याचे सव्वासहा. ते पावकं हातात कोण देणार? आण्याचे सहाच मिळायचे. सोळाचा गुण असा की त्याचे चार वेळा अर्धे पडतात: आठ, चार, दोन, एक. तराजूवाल्याला आणि भावाभावांत धान्य वाटणाऱ्याला हेच हवं असतं. दहाचे अर्धे पाच, आणि पाचाचे अर्धे करा म्हटलं की अडीचकी पाठ नसलेला माणूस थबकतो. गंमत म्हणजे संगणकवाल्यांनी सोळाच पुन्हा उकरून काढले. त्यांचं यंत्र फक्त हो-नाही ओळखतं. दोनाचे चार, चाराचे आठ, आठाचे सोळा. आपली निमकी उलटी म्हटली की झालं. नवाच्या पुढे आकडे पुरेनात, म्हणून त्यांनी ए पासून एफ पर्यंतची अक्षरं कामाला लावली.

आमच्या धानपट्ट्यात आणा मेलेला नाहीच. सरकारी कागदावर पिकाची पैसेवारी लागते. ती ५० पैशांच्या आत आली की दुष्काळाची चर्चा सुरू. गावात मात्र विचारतात, ‘‘यंदा आणेवारी किती?’’ आणि धान झालं किती, याचं उत्तर अजून खंडीत मिळतं. खंडी ही विसाची. मेंढपाळाची खंडीही वीस मेंढ्यांचीच. फ्रेंच लोक ऐंशीला ‘चार विसा’ म्हणतात, तेव्हा आपण हसायचं कारण नाही.

दुसऱ्या दिवशी मार्कंड्याला गेलो. वैनगंगा इथे उत्तरेकडे वळते, काठावर ती जुनी दगडी देवळं. अल्पायुषी मार्कंडेयाची कथा सगळ्यांना ठाऊक आहे. आयुष्य मिळालं होतं तेही सोळाच वर्षांचं. उन्हात फरशी पोळत होती. देवळाच्या वाटेवर बेल विकणाऱ्या एका म्हातारीला म्हटलं, ‘‘मावशी, एकशे आठ द्या.’’ तिनं डाव्या हाताचा अंगठा तर्जनीच्या पेरावर टेकवला आणि उजव्या हाताने पानं टाकत गेली. चार बोटं, तीन तीन पेरं, बारा झाले की एक खडा बाजूला. नऊ खडे झाले तशी ती थांबली.

मी ओट्यावर बसून पानं पुन्हा मोजली, दहा-दहाचे ढीग लावून. एकशे सात भरली. परत जाऊन सांगितलं, तर ती म्हणाली, ‘‘बस खाली. माह्यासमोर मोज.’’

मोजली. एक पान माझ्या सदऱ्याला चिकटलं होतं.